खिमाड : लग्नघरातील एका पेयाचे रसायनशास्त्र

नववीच्या वर्गात ऊर्ध्वपातनाचा पाठ चालू होता. फळ्यावर दोन आकडे लिहिले होते : पाणी १०० अंश सेल्सिअस, इथेनॉल ७८ अंश सेल्सिअस. दोघांचे मिश्रण तापवले की वाफेत अल्कोहोलचे प्रमाण जास्त असणार, एवढे सांगून मी उपकरणाकडे वळलो, तोच उत्तनहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने हात वर केला.

"सर, आमच्याकडे लग्नात खिमाड करतात. ते गरमच देतात. मग त्यातली दारू उडून कशी जात नाही?"

वर्गात खसखस पिकली. अशा वेळी शिक्षकापुढे दोन मार्ग असतात. दारूचे नाव वर्गात नको म्हणून विषय बदलायचा, नाहीतर उत्तर द्यायचे. मी "उद्या सांगतो" हा तिसरा मार्ग पत्करला, कारण खरे सांगायचे तर उत्तर मला नीट येत नव्हते. ७८ अंश हा आकडा शुद्ध इथेनॉलचा आहे. खिमाडाच्या पातेल्यात काय होते हे त्यावरून कळत नाही. मग थोडी चौकशी केली, थोडे वाचन केले, आणि लक्षात आले की या एका प्रश्नात नववी-दहावीच्या रसायनशास्त्राची निदान चार प्रकरणे दडलेली आहेत. शिवाय एक अशी गोष्टही दडलेली आहे, जी माहीत नसल्यामुळे माणसे मरतात.

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून उत्तनची बस पकडली की मिठागरे मागे पडतात, राई, मुर्धा, मोर्वा ही गावे येतात आणि मग डोंगरी, उत्तन, पाली, चौक असा समुद्राकाठचा पट्टा लागतो. जुन्या कागदपत्रांत हा भाग धारावी बेट म्हणून येतो (मुंबईतील धारावी निराळी). १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासची बेटे पोर्तुगिजांना दिली, तेव्हापासून १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेईपर्यंत, म्हणजे दोनशे वर्षे, इथे पोर्तुगीज अंमल होता. त्या काळात इथले अनेक कोळी, शेतकरी आणि भंडारी ख्रिस्ती झाले. भाषा मराठीच राहिली, लुगडे राहिले, लग्नातली हळदही राहिली. पुढे एकोणिसाव्या शतकात नोकरीसाठी गोवा आणि मंगळूरकडचे ख्रिस्ती मुंबईत येऊ लागले. त्यांच्यापासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांनी 'पूर्व' हे नाव का घेतले, असे मुले हमखास विचारतात. त्याचा संबंध दिशेशी नसून ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाशी आहे.

खिमाड हे या ईस्ट इंडियन घरांतले पेय. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणण्याचा विधी असतो, त्याला 'उंबराचे पाणी' म्हणतात. त्या वेळी आणि एकूणच लग्नघरातील बैठकांत छोट्या पेल्यांतून खिमाड फिरते. प्रत्येक घराची कृती थोडी वेगळी असते, पण गाभा एकच. दालचिनी, लवंग, वेलची, कुठे जायफळ, कुठे गवती चहा, कुठे लिंबाची साल, चहाची थोडी पत्ती आणि साखर हे सारे पाण्यात उकळायचे. काही घरांत साखर आधी करपवून तांबूस करतात. काढा गाळायचा आणि त्यात गावठी दारू मिसळायची. मद्याच्या परिभाषेत बोलायचे तर ही 'लिकर' झाली. ऊर्ध्वपातित मद्यात वनस्पतींचा स्वाद आणि साखर घातलेले पेय, एवढीच लिकरची व्याख्या आहे. फ्रान्समध्ये कार्थुजियन मठातले साधू 'शार्त्रूझ' नावाची हिरवी लिकर बनवतात. तिच्यात १३० वनस्पती असल्याचे सांगितले जाते आणि तिच्या मूळ हस्तलिखिताची कथा १६०५ पासून सुरू होते. गोव्यात फेणीमध्ये अनंतमुळाची मुळी भिजवून 'दुकशिरी' करतात. खिमाड याच घराण्यातले. फरक इतकाच की त्याला मठ नाही, कारखाना नाही आणि बाटलीवर चिकटवायला चिठ्ठी नाही.

आधी दारू कोठून येत असे

या किनाऱ्यावर दारूचा मूळ स्रोत झाड. माडापासून माडी, ताडापासून ताडी. कोवळ्या पुष्पगुच्छाला छेद देऊन त्याखाली मडके बांधले की रस ठिबकत राहतो. पहाटे उतरवलेला ताजा रस गोड असतो. त्यात दहा ते पंधरा टक्के साखर असते, आणि ती साखर म्हणजे आपल्या साखरेच्या डब्यातलीच सुक्रोज. पण हवेतली, मडक्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली, कीटकांच्या पायांवरून आलेली किण्वे (यीस्ट) तिला फार वेळ गोड राहू देत नाहीत. उन्हे चढेपर्यंत रस फसफसू लागतो. संध्याकाळपर्यंत त्यात चार-पाच टक्के अल्कोहोल तयार होते. आणखी दोन-तीन दिवस ठेवला तर ॲसेटिक आम्ल बनवणारे जीवाणू त्या अल्कोहोलचा ताबा घेतात आणि त्याचा शिरका होतो.

ईस्ट इंडियन स्वयंपाकघराने या तिन्ही अवस्था वापरल्या. फसफसणाऱ्या ताडीने फुगियाचे पीठ फुगवले जाई, कारण किण्वनात अल्कोहोलबरोबर कार्बन डायऑक्साइडही निघतो. आंबट झालेल्या ताडीचा शिरका मांसाच्या कालवणात गेला. आणि मधली अवस्था, म्हणजे अल्कोहोल भरपूर पण आंबटपणा कमी अशी ताडी, भट्टीवर चढली. एकाच मडक्याचे वेळेनुसार तीन उपयोग. किण्वन शिकवताना बेकरीच्या पावाऐवजी हे उदाहरण घेऊन पाहा. मुले जास्त लक्ष देतात असा माझा अनुभव आहे.

आता ऊर्ध्वपातनाकडे येऊ. पाठ्यपुस्तकातली आकृती पाहून मुलांचा समज होतो की मिश्रण तापवले की ७८ अंशांवर सगळे अल्कोहोल निघून जाते आणि पाणी १०० अंशांची वाट पाहत मागे थांबते. असे होत नाही. अल्कोहोल आणि पाणी यांचे मिश्रण मधल्याच कुठल्यातरी तापमानाला उकळते आणि त्याच्या वाफेत दोन्हीही असतात, फक्त अल्कोहोलचा वाटा मूळ द्रवापेक्षा जास्त असतो. पाच टक्के अल्कोहोल असलेली ताडी सुमारे ९६ अंशांना उकळू लागते. तिची पहिली वाफ थंड केली तर ३५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेला द्रव मिळतो. जसजशी भट्टी चालते तसतसे पातेल्यातले अल्कोहोल कमी होते, उत्कलनबिंदू १०० कडे सरकतो आणि येणारी धार पातळ होत जाते. सगळी धार एकत्र केली तर ती फार कडक नसते. म्हणून ती पुन्हा भट्टीवर चढवतात. गोव्यात काजूच्या रसाच्या पहिल्या धारेला उर्राक म्हणतात आणि पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी होते, ते याच कारणाने. कितीही वेळा हे केले तरी वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. तिथे वाफ आणि द्रव यांचे प्रमाण सारखेच होऊन बसते.

काढा आधी, दारू नंतर

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. दुसऱ्या दिवशी मी तिलाच उलट प्रश्न विचारला, "तुझी आजी मसाला कशात उकळते? दारूत की पाण्यात?" ती म्हणाली, "पाण्यात. दारू मागाहून. पातेले खाली उतरवल्यावर." निम्मे उत्तर तिथेच आले होते.

समजा, एक भाग काढा आणि एक भाग दारू घेतली आणि दारूत ४० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल आहे. मिश्रणात सुमारे २० टक्के झाले. असे मिश्रण उकळायला ८९ अंशांपर्यंत तापवावे लागते, ७८ नव्हे. पण एकदा का ते उकळू लागले की त्याच्या वाफेत सुमारे ७० टक्के अल्कोहोल असते. म्हणजे पातेले आचेवर ठेवून उकळत राहिलो तर आपण झाकण नसलेली भट्टीच चालवत असतो, फक्त माल स्वयंपाकघराच्या हवेत जातो. अमेरिकेच्या कृषी खात्याने वापरात आणलेला एक तक्ता आहे. उकळत्या पदार्थात मद्य घालून लगेच आचेवरून उतरवले तर सुमारे ८५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहते. तेच पदार्थात मिसळून पंधरा मिनिटे मंद उकळले तर ४० टक्के, तासभर उकळले तर २५ टक्के. या तक्त्यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. एक, पातेले उतरवून दारू घालण्याची रीत अल्कोहोल राखते. दोन, तासभर उकळूनही अल्कोहोल पूर्णपणे जात नाही. "उकळले की दारूचा अंश राहत नाही" ही समजूत चुकीची आहे. लग्नात लहान मुलांच्या हाती पेला जाऊ नये, याचे हेही एक कारण.

आचेवरून उतरवण्यात सुरक्षितताही आहे. २० टक्के अल्कोहोलचे मिश्रण साधारण ३६ अंशांच्या वर गेले की त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. उन्हाळ्यातल्या दुपारी मुंबईची हवाच जवळपास तितकी तापते. चुलीजवळ दारूची बाटली नको, हा घरातल्या म्हाताऱ्या बायकांचा दंडक या आकड्याशी तंतोतंत जुळतो.

पण मग मसाला पाण्यातच का उकळायचा? दारूत भिजवून का ठेवायचा नाही? शार्त्रूझवाले आणि दुकशिरीवाले तेच करतात. यासाठी मसाल्यात काय असते ते पाहावे लागेल.

लवंगेचा वास मुख्यतः युजेनॉल या द्रव्याचा. लवंगेच्या तेलात त्याचे प्रमाण ७० ते ८५ टक्के असते. दातांच्या डॉक्टरांकडे जो ओळखीचा वास येतो तो त्याचाच. दालचिनीचा वास सिनॅमाल्डिहाइडचा, वेलचीत सिनिओल आणि त्याचे सोबती, गवती चहात सिट्रल. यातील एकही द्रव्य पाण्यात सहज विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये मात्र सगळी विरघळतात. कारण इथेनॉलच्या रेणूचे एक टोक पाण्याशी जमवून घेणारे आणि दुसरे तेलाशी जमवून घेणारे आहे. दोन्ही घरचा पाहुणा म्हणा ना.

तरीही काढ्याला वास येतो, हे कसे? युजेनॉल २५४ अंशांना उकळते, मग १०० अंशांच्या पाण्यातून ते वर कसे येते? इथे ती सुरेख गोष्ट आहे, जी पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले की दोघे स्वतंत्रपणे आपापला बाष्पदाब देतात, आणि त्या दोन दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळते. म्हणजे १०० अंशांच्या थोडे खालीच. पाण्याच्या वाफेबरोबर तेलाची वाफही ओढली जाते. अत्तरवाले आणि तेलवाले याच तत्त्वावर जगतात. म्हणून खिमाडाच्या पातेल्यावर झाकण हवे. झाकण उघडे ठेवून अर्धा तास उकळले तर घरभर दरवळ पसरतो आणि पातेल्यात चहाचा तुरटपणा तेवढा उरतो. शेजाऱ्यांनी "काय छान वास सुटलाय" म्हटले की समजावे, तेवढा वास पेल्यातून गेला.

पाण्याचे कामही कमी नाही. साखर, चहातील टॅनिने, करपवलेल्या साखरेचे तांबूस रंगद्रव्य ही सारी पाण्याची मंडळी. तेव्हा काम असे वाटले गेले आहे : उकळत्या पाण्याने मसाल्याच्या पेशी मोडायच्या, साखर आणि रंग विरघळवायचा, तेलाचे सूक्ष्म थेंब मोकळे करायचे, मग आलेल्या अल्कोहोलने ते तेल धरून ठेवायचे. भिजवण्याच्या पद्धतीला आठवडे लागतात आणि लग्नघराला एवढी सवड नसते.

आयुर्वेदातील आसव-अरिष्टांची आठवण इथे होणे साहजिक आहे. चरकसंहितेत ८४ आसवांची गणना आहे, म्हणजे वनस्पती आणि मद्य यांची जोडी आपल्याकडे फार जुनी. पण पद्धत निराळी आहे. अरिष्टात आधी काढा, मग त्यात गूळ किंवा मध आणि धायटीची फुले घालून ते आंबवले जाते. अल्कोहोल त्याच भांड्यात, औषधाच्या सान्निध्यात तयार होते. ते साधारण पाच ते दहा टक्क्यांपर्यंत जाते आणि औषध टिकवते. खिमाडात अल्कोहोल बाहेरून, तयार येते. म्हणूनच, माझ्या मते, खिमाडाला 'औषधी' म्हणण्याचा मोह टाळावा. लवंगेचे तेल जंतुनाशक आहे हे खरे, पण पेल्यातल्या लवंगेने सर्दी बरी होते असे त्यावरून सिद्ध होत नाही. समुद्रावरच्या गारठ्यात घोटभर घेतले की ऊब येते, हेही अर्धसत्य आहे. अल्कोहोलने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त कातडीपर्यंत येते आणि ऊब जाणवते. पण तीच उष्णता बाहेरच्या हवेत निघून जाते आणि शरीराचे आतले तापमान उतरते. भिजलेल्या, थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला मद्य देऊ नये ते यामुळे.

वर्गात करण्याजोगे

ऊर्ध्वपातनाने मद्य बनवणे हा परवान्याशिवाय गुन्हा आहे आणि शाळेत ते दाखवण्याची गरजही नाही. विद्राव्यतेची गंमत मात्र पाच मिनिटांत दाखवता येते. कोरोनानंतर जवळपास प्रत्येक शाळेत हात धुण्याचे पातळ सॅनिटायझर असते, त्यात ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असते (जेल घेऊ नका). दोन परीक्षानळ्यांत चिमूटभर हळद घ्या. एकीत पाणी, दुसरीत सॅनिटायझर घालून हलवा आणि दोन्ही गाळा. पाण्याचा गाळ फिक्कट पिवळा येईल, दुसरा गर्द पिवळा आणि स्वच्छ. आता हा दुसरा गाळ थोडा थोडा करून ग्लासभर पाण्यात ओता. तो गढूळ होतो. अल्कोहोलमध्ये विरघळलेली हळदीची रंगद्रव्ये पाणी वाढताच बाहेर पडतात. त्यात चुन्याची निवळी टाकली की लाल रंग येतो, आणि मग कुंकवाची गोष्ट सांगता येते.

औषधाच्या दुकानातून लवंगेचे तेल मिळाले तर आणखी चांगले. सॅनिटायझरमध्ये त्याचे दोन थेंब दिसेनासे होतात आणि ते मिश्रण पाण्यात ओतले की दुधासारखे पांढरे होते. ग्रीक लोकांचे 'ऊझो' पाणी घालताच पांढरे होते त्याचे कारण हेच. तेलाचा एखादा थेंब सरळ पाण्यात सोडून पाहा. लवंगेचे तेल पाण्यात बुडते, गवती चहाचे तरंगते. सारीच तेले पाण्यावर तरंगतात असे मुलांनी वहीत लिहिलेले असते. ते खोडायला ही संधी बरी. प्रयोगाच्या वेळी जवळपास ज्योत नको, आणि यातले काहीही चाखायचे नाही, हे दोनदा सांगावे.

नाकाला न कळणारी गोष्ट

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नातील तो गंभीर भाग. खिमाडाची कृती दोन-तीन पिढ्या तीच राहिली, पण त्यात पडणारी दारू तीच राहिली नाही.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या लहान भट्ट्यांचा काळ संपत आला. सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्यांतून दारू येऊ लागली आणि रस काढण्याच्या झाडांवरचा कर वाढला. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना डोळ्यांसमोर ठेवून मोहाची फुले बाळगण्यावरच बंधने आणणारा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ आला. पुढे बंदी शिथिल झाली, परवाने आले, पण कायदा आजही महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने आहे. या सगळ्यात झाडावर चढणारा आणि घरापुरती भट्टी लावणारा माणूस बाजूला पडला. त्याची जागा दोघांनी घेतली. एक, परवानाधारक कारखान्यातील देशी दारू, जी उसाच्या मळीपासून बनते. दुसरी, खाडीकाठच्या तिवरांत लपून चालणारी हातभट्टी. हातभट्टीत रसाऐवजी काळा गूळ आणि नवसागर आले. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. गुळात किण्वांना लागणारा नायट्रोजन कमी असतो, तो त्यातून पुरवला जातो.

आतापर्यंतची दारू वाईट असेल, कडू असेल, पण ती इथेनॉल होती. खरा घात होतो तो मिथेनॉल मिसळल्याने. हे कारखान्यात लागणारे स्वस्त द्रावक आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला. नकाशात पाहिले तर मालवणी उत्तन-गोराईच्या किनाऱ्यापासून मनोरीची खाडी ओलांडली की आलीच.

"फळांची साल, भट्टीचा पहिला घोट यात मिथेनॉल असते" असे ऐकिवात येते. पेक्टिन असलेल्या फळांच्या किण्वनात ते थोडे होते हे खरे. ताडी किंवा गूळ यांत पेक्टिन जवळजवळ नसते, त्यामुळे त्यांच्यात ते नगण्यच. एवढी माणसे एका रात्रीत दगावतात तेव्हा ते भट्टीत तयार झालेले नसते, कोणीतरी पिंपातून ओतलेले असते.

मिथेनॉल स्वतः फारसे विषारी नाही. यकृतातले जे विकर इथेनॉलवर काम करते तेच मिथेनॉलवरही करते. त्यातून आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनते, तेच मुंग्यांच्या डंखातले. हे आम्ल पेशींचे श्वसन रोखते आणि सर्वांत आधी डोळ्यांच्या मज्जातंतूला गाठते. सुमारे १० मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे, शुद्ध मिथेनॉल दृष्टी घालवू शकते. लक्षणे लगेच येत नाहीत. बारा ते चोवीस तास माणूस नुसता झिंगलेला वाटतो, मग पोटात कळा येतात आणि डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसू लागते. त्यासोबत इथेनॉल घेतलेले असेल तर विकर आधी त्याच्याकडे वळते आणि लक्षणे आणखी लांबतात. याच स्पर्धेचा उपयोग करून रुग्णालयात इथेनॉल किंवा फोमेपिझोल देऊन, आणि डायलिसिस करून, रोग्याला वाचवतात. तेव्हा "झोपू द्या, उतरेल" हे वाक्य इथे जीवघेणे ठरते. डोळ्यांची तक्रार झाली की त्याच क्षणी रुग्णालय गाठायला हवे.

मिथेनॉल ओळखायचे कसे? इथे घरगुती शहाणपण पूर्णपणे हरते. त्याचा वास आणि चव इथेनॉलच्या इतकी जवळची आहे की सरावलेल्या नाकालाही फरक कळत नाही. चमच्यात घेऊन पेटवायची आणि निळी ज्योत आली की दारू चांगली, ही परीक्षा अनेक ठिकाणी सांगितली जाते. दोन्ही निळ्या ज्योतीने जळतात, तेव्हा ती निरुपयोगी आहे. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते, म्हणून तापवले की तेवढे उडून जाईल, असाही तर्क मुले करतील, आणि तो तर्क हुशारीचा आहे. पण मघाचे ऊर्ध्वपातन आठवावे. मिश्रणातले घटक एकामागून एक रांगेत बाहेर पडत नाहीत. उकळून काही भाग जाईल, घातक भाग राहील. आणि खिमाडाचा तर यात दुहेरी तोटा आहे. लवंग, दालचिनी आणि साखर हे सारे दारूतला कोणताही संशयास्पद वास झाकण्यात पटाईत आहेत.

म्हणून उत्तर साधे आहे आणि ते रसायनशास्त्राचे नसून बाजाराचे आहे. परवानाधारक दुकानातील, मोहोरबंद बाटलीतील मद्य. देशी दारूच्या बाटलीवर '२५ यू. पी.' असे छापलेले आढळते. ब्रिटिश मोजमापात ५७.१ टक्के अल्कोहोल म्हणजे 'प्रूफ', त्याहून २५ टक्के कमी म्हणजे ४२.८ टक्के. समभाग काढा घातला की २१.४. गणिताच्या तासाला द्यायला चांगले उदाहरण आहे. फक्त हुशार मुलगा विचारील, "सर, अल्कोहोल आणि पाणी मिसळल्यावर घनफळ थोडे घटते ना?" घटते. ५० मिलिलिटर इथेनॉल आणि ५० मिलिलिटर पाणी मिळून १०० नव्हे, ९६-९७ मिलिलिटर भरते. त्या मुलाला शाबासकी द्यावी.

काही दिवसांनी ती विद्यार्थिनी पुन्हा भेटली. घरच्या लग्नात खिमाड दुकानातल्या रमचे केले होते. सगळे ठीक झाले, म्हणाली, पण आजी खूश नव्हती. "वास तो नाही" असे आजीचे म्हणणे. आजीचे नाक बरोबर होते. ताडीच्या किण्वनात इथेनॉलसोबत एस्टरे आणि इतर अनेक सुवासिक द्रव्ये अल्प प्रमाणात तयार होतात, आणि साध्या भट्टीत ती धारेबरोबर वर येतात. मळीपासूनचे मद्य कारखान्यातल्या उंच स्तंभांत इतके शुद्ध केले जाते की त्यातली बहुतेक निघून जातात, आणि रमचा म्हणून जो वास उरतो तो मळीचा असतो, झाडाचा नव्हे. मी तिला विचारले, "मग आजीने काय केले?" ती म्हणाली, "लवंगा वाढवल्या."